भाड्यानं राहावं की घर घ्यावं? रोज हेच व्यवहार पाहणाऱ्यांनी लिहा

पुणे, पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली की घरून विचारणा सुरू होते, "भाड्यात किती दिवस पैसे घालवणार?" ज्यांच्या हाताखालून असे व्यवहार जातात, त्यांनी नेमकी माहिती द्यावी. सल्ल्यापेक्षा आकडे आणि कागद सांगितलेत तर जास्त उपयोग होईल.

गृहकर्ज पाहणारा, पुणे

बहुतेक जण भाडं आणि हप्ता शेजारी ठेवून बघतात. त्याआधी रोख किती लागते ते मांडा. ७५ लाखांचा जुना फ्लॅट धरू. बँक कर्ज देईल जास्तीत जास्त ६० लाख, म्हणजे १५ लाख तुमचे. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क वगैरे मिळून ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणी ३०,००० रुपये. एजंटाची दलाली १ टक्का धरली तर ७५,००० आणि सोसायटीची हस्तांतरण फी २५,०००. झाले साडेएकवीस लाख, आणि अजून घरात पंखासुद्धा लागलेला नाही. मुद्रांक, नोंदणी, दलाली कर्जात बसत नाहीत. ती भागवायला वैयक्तिक कर्ज काढलं की दोन हप्ते सुरू होतात आणि पहिल्याच वर्षी ओढाताण होते.

६० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे ५२,००० रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ४२,५०० निव्वळ व्याज. पाच वर्षांत सव्वाएकतीस लाख भरून मुद्दल उतरते फक्त सात लाखांच्या आसपास. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बंगळुरूला किंवा परदेशी जायची शक्यता असेल, तर शुल्क आणि दलालीत गेलेले सहा-साडेसहा लाख भरून निघण्याआधीच विकायची वेळ येते. म्हणून माझ्या लेखी पहिला प्रश्न पगाराचा नाही, त्या शहरात किती वर्षं राहणार याचा आहे. सात-आठ वर्षं नक्की असतील तर जरूर घ्या. बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीला दंड नसतो, त्यामुळे बोनस आला की मुद्दलात टाका आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घ्या.

भाडेकरार नोंदवणारा

वरचं गणित पटतं, पण भाड्याचे कागदही तितकेच नीट हवेत. लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे भाडेकरार) नोंदवणं महाराष्ट्रात सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. "नोटरी करू, तेवढं पुरतं" म्हणणाऱ्याला नाही म्हणा. खर्चही मोठा नाही. भाडं २५,०००, अनामत १ लाख, मुदत ११ महिने असेल तर मुद्रांक सातशे रुपयांच्या आसपास आणि शहरी भागात नोंदणी १,००० रुपये. आधार आणि अंगठ्यावर ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते.

भांडणं होतात ती लॉक-इन (घर सोडता येत नाही अशी ठरलेली मुदत) आणि अनामतीवरून. लॉक-इन सहा महिन्यांचा आणि तुम्ही चौथ्या महिन्यात निघालात, तर उरलेल्या दोन महिन्यांचं भाडं मागितलं जातं. नोकरी बदलायची चिन्हं असतील तर लॉक-इन काढूनच टाका किंवा एका महिन्यावर आणा. रंगाचे पैसे कोण देणार, मेंटेनन्स कोणाकडे, किल्ली दिल्यापासून किती दिवसांत अनामत परत, हे करारात लिहून घ्या. राहायला जाण्याआधी भिंती, नळ, गीझर यांचे तारखेसह फोटो घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही तर कायद्याप्रमाणे दुप्पट भरपाई लागू शकते, त्यामुळे नूतनीकरणाचं बोलणं दोन महिने आधी काढावं.

मालमत्तेचे कागद तपासणारी वकील

बांधकाम चालू असलेला फ्लॅट स्वस्त दिसतो, पण त्यावर ५ टक्के जीएसटी असतो (४५ लाखांपर्यंतच्या, क्षेत्रफळाच्या अटीत बसणाऱ्या घराला १ टक्का). पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर जीएसटी नाही. ताबा मिळेपर्यंत भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही भरावं लागतं, ते धरूनच तुलना करा.

महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प क्रमांक टाकून तीन गोष्टी बघा: ताब्याची तारीख किती वेळा पुढे गेली, जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का, आणि मंजूर नकाशात तुमचा मजला आहे का. हा तिसरा मुद्दा लोक हमखास विसरतात. वरचे मजले मंजुरीआधीच विकले जातात आणि मग परवानगी अडते. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. जास्त मागितली तर तिथेच थांबा.

जुन्या घरासाठी भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायची परवानगी), आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, इंडेक्स २ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) आणि सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण (मालकी हस्तांतर) झालंय का, हे पाहा. अभिहस्तांतरण नसलं तर पुढे पुनर्विकास अडतो. पतीपत्नींच्या संयुक्त नावावर घेताना मुद्रांक शुल्कातली महिलांची १ टक्का सवलत मिळत नाही. खरेदीदार फक्त महिला असेल तरच ती मिळते.

सोसायटीचा सचिव

घर घेऊन भाड्यानं देणार असाल, तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. विकत घेताना विक्रेत्याचं 'थकबाकी नाही' पत्र मागाच, नाहीतर सोसायटी जुनी बाकी तुमच्याकडे मागत येते.

कर सल्लागार

"व्याजावर कर वाचतो" हे आता सरसकट खरं नाही. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची २ लाखांची वजावट मिळत नाही, आणि घरभाडे भत्त्याची सूटही नाही. दोन्ही प्रणालींत कर काढून पाहा, मगच तो फायदा हप्त्याच्या हिशेबात धरा. घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याला पैसे देतानाच १ टक्का टीडीएस (रक्कम देतानाच कापायचा कर) कापून सरकारकडे भरायचा असतो. तो राहिला तर व्याज आणि विलंब शुल्क खरेदीदाराच्या अंगावर येतं.