मदत हवी आहे: बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर आता काय टाकू?

नमस्कार मंडळी. लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमचा पत्ता कट. मशीन मात्र धडधाकट आहे. एसएसडी टाकल्यापासून तर पळतंय.

बाबांना नवीन काही नकोच आहे. विजेट नको, एआय तर नकोच नको. स्टार्ट बटण डाव्या कोपऱ्यात हवं आणि इन्स्क्रिप्टवर (भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्डच्या मांडणीवर) मराठी टाइप व्हायला हवं. 'ज्ञ' म्हटलं की त्यांचं बोट न बघता शिफ्ट दाबून ५ वर जातं. ती सवय आता सत्तरीत कोण मोडणार?

पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) चालवून पाहिलं, वायफाय लगेच लागलं. पण ४ जीबीवर मिंटच्या डेस्कटॉपपैकी सिनॅमन घ्यावं की एक्सएफसीई? इन्स्क्रिप्ट अगदी असंच मिळतं का? आणि जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधले बाबांचे लेख लिब्रेऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर) नीट उघडतील, की आधी सगळे युनिकोडमध्ये बदलून घेऊ? कोणी घरच्या ज्येष्ठांसाठी हे केलं असेल तर प्लीज सांगा.