इतिहास, राज्यशास्त्र आणि साहित्य यांसाठी खाजगी शिकवणीचा खरोखर उपयोग होतो का? सल्ला हवा आहे

पालक (धागाकर्ता):
माझा मुलगा कला शाखेत शिकत असून इतिहास, राज्यशास्त्र आणि साहित्य हे त्याचे मुख्य विषय आहेत. त्याचे वाचन चांगले आहे आणि बोलताना विषय समजल्याचे स्पष्ट जाणवते. परंतु उत्तरपत्रिकेत गुण मध्यमच मिळतात आणि शेरा बहुतेक वेळा एकच असतो, ‘मुद्दे आहेत, मांडणी नाही’. गणिताची शिकवणी लावली तर उदाहरण सुटले की नाही हे तिथल्या तिथे कळते. या विषयांत मात्र शिकवणारी व्यक्ती नेमके काय करते, हे मला उमगलेले नाही. अनेक जण सांगतात की हे विषय वाचून पाठ करण्याचे आहेत, त्यांना शिकवणी कशाला हवी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अध्यापिका:
आपण उद्धृत केलेल्या शेऱ्यातच बरेचसे उत्तर आहे. या विषयांत विद्यार्थ्याला सहसा माहिती कमी पडत नाही. त्याचे लिखाण ओळीने वाचून त्यावर प्रतिप्रश्न विचारणारे कोणीतरी कमी पडते. भरलेल्या वर्गात प्रत्येकाच्या प्रत्येक उत्तरावर असे बोलणे कोणत्याही शिक्षकाला शक्य होत नाही, मग तो कितीही तळमळीचा असो. खाजगी शिकवणीचा खरा उपयोग तिथे आहे.

एक उदाहरण देते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांवर उत्तर लिहायला सांगितले, की बहुतेक विद्यार्थी सामाजिक, आर्थिक, राजकीय आणि वैचारिक अशी शीर्षके देऊन प्रत्येकाखाली काही ओळी लिहितात. त्यांतले एकही वाक्य चुकीचे नसते, तरीही उत्तर सामान्य ठरते. अशा वेळी मी एकच प्रश्न विचारते: समाजातील विषमता तर कित्येक पिढ्यांपासून होती, मग क्रांती १७८९ मध्येच का झाली? विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहतो आणि मग पुस्तकात परत शिरतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला केलेल्या मदतीमुळे वाढलेले कर्ज, विशेषाधिकार असलेल्या वर्गांनी करसुधारणांना केलेला विरोध, १७८८ मध्ये बुडालेले पीक आणि त्यामुळे चढलेले पावाचे भाव, आणि या कोंडीतून मे १७८९ मध्ये, म्हणजे १६१४ नंतर प्रथमच, भरलेली इस्टेट्स जनरल ही फ्रान्समधील तिन्ही सामाजिक वर्गांच्या प्रतिनिधींची सभा. या गोष्टी त्याने आधीही वाचलेल्या असतात, पण त्या एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत हे त्याला तेव्हा दिसते. दूरची कारणे कोणती आणि ठिणगी टाकणारी कोणती, हे तो स्वतः ठरवू लागतो. पुढच्या तासाला तो तेच उत्तर पुन्हा लिहून आणतो. हे पुनर्लेखन मी कधीही सोडू देत नाही, कारण चर्चेत सुचलेले कागदावर उतरले नाही तर परीक्षेच्या दिवशी ते हाताशी नसते.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांतील अध्यापनाची जुनी पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. विद्यार्थी निबंध लिहून आणतो आणि एक-दोन विद्यार्थ्यांसमवेत बसलेले प्राध्यापक त्याला त्यातील प्रत्येक विधानाचे समर्थन करायला लावतात.

साहित्याबाबत थोडक्यात सांगायचे तर ‘कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे’ असे वाक्य आले, की ‘कोणत्या ओळीतील कोणत्या शब्दावरून?’ एवढे विचारणारी व्यक्ती हवी.

शिक्षणशास्त्राचा अभ्यासक:
अध्यापिकाताईंशी मी सहमत आहे, फक्त आकड्यांबाबत सावध राहावे असे सुचवतो. वैयक्तिक शिकवणीच्या समर्थनार्थ अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९८४ च्या निबंधाचा दाखला वारंवार दिला जातो. त्यात शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गाच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांनी (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत ते मोजणारे माप) पुढे गेल्याचे म्हटले होते. त्यामागचे प्रयोग संभाव्यता आणि नकाशाशास्त्र यांसारख्या विषयांवरचे होते. पुढे संशोधक कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मानवी शिकवणीचा परिणाम सुमारे ०.७९ प्रमाण विचलन इतका आढळला. हाही परिणाम मोठाच आहे, पण तो मुख्यतः विज्ञान-गणितातील कामांवरून काढलेला आहे. तेव्हा कोणी हे आकडे दाखवून इतिहासाच्या शिकवणीत तशीच प्रगती होईल अशी हमी देत असेल, तर त्यावर विसंबू नये.

आपल्या प्रश्नाला अधिक लागू पडणारे काम इतिहास-शिक्षणाचे संशोधक सॅम वाइनबर्ग यांचे आहे. त्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासकार आणि शालेय विद्यार्थी यांना एकाच घटनेविषयीची कागदपत्रे वाचायला दिली होती. इतिहासकार आधी हे कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिले ते पाहत आणि एक कागद दुसऱ्याशी ताडून बघत. विद्यार्थी मात्र मजकुरातून माहिती गोळा करत. काही विद्यार्थ्यांना इतिहासाची तथ्ये उत्तम ठाऊक होती, तरीही हा फरक राहिला. वाचनाची ही सवय केवळ व्याख्यान ऐकून लागत नाही. कोणीतरी शेजारी बसून तसे वाचून दाखवावे लागते आणि नंतर विद्यार्थ्याकडून करून घ्यावे लागते.

पदव्युत्तर विद्यार्थिनी:
मी शिकवणीच्या विरोधात नाही, परंतु ‘नोट्स’ पुरवणाऱ्या क्लासपासून दूर राहावे असे कळकळीने सांगते. तयार उत्तरे हाती आली की मूळ पुस्तक उघडले जात नाही आणि प्रश्न थोडा फिरवून आला तरी विद्यार्थी अडखळतो. तुमच्या मुलाला वाचनाची गोडी आहे. ती अशा क्लासमुळे जाऊ नये, एवढेच वाटते. पाठांतराबद्दलही सांगते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले, पण आठवड्याने पाहिले तेव्हा उतारा बाजूला ठेवून आठवून लिहिणारे पुढे होते. पुस्तक मिटून लिहिण्याचा हा सराव घरीही होतो, त्यासाठी शुल्क भरण्याचे कारण नाही.

पालक (धागाकर्ता):
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिकवणी लावण्यापूर्वी योग्य शिक्षक कसा पारखावा आणि ती किती काळ ठेवावी, हेही सांगितल्यास बरे होईल.

अध्यापिका:
मुलाने लिहिलेले एखादे जुने उत्तर त्यांना वाचायला द्या आणि ते काय करतात ते पाहा. काही जण लगेच ‘असे लिहायला हवे होते’ म्हणून स्वतःचे उत्तर सांगू लागतात. काही जण समासात प्रश्न लिहितात: हे कशावरून? यापेक्षा वेगळे मत कोणते? हा परिच्छेद आधीच्या परिच्छेदानंतरच का आला? दुसऱ्या प्रकारचे शिक्षक निवडा, मग त्यांची पदवी थोडी कमी असली तरी चालेल. आठवड्यातून एक तास आणि त्या तासासाठी एक लिखित उत्तर एवढे पुरेसे असते. रोजची शिकवणी या विषयांत वाचनाचा वेळ खाते, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षकांनी विचारण्याआधीच विद्यार्थी आपल्या कच्च्या मसुद्यावर असे प्रश्न लिहून आणू लागला, की तास कमी करत न्यावेत. तो टप्पा आला तरी तास तसेच चालू ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या शिक्षकांना कारण अवश्य विचारा.

पदव्युत्तर विद्यार्थिनी:
त्याच्या वर्गातील आणखी एखाद्या मित्राला सोबत घेता आले तर अधिक चांगले. दोघांनी एकाच प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणे लिहायचे आणि तासाच्या सुरुवातीला एकमेकांचे वाचायचे, म्हणजे एकाच पुस्तकातून दोन वेगळी मते निघू शकतात हे प्रत्यक्ष दिसते आणि खर्चही विभागला जातो. दोघांचा अभ्यासक्रम एकच आहे याची मात्र आधी खात्री करून घ्या.