पहिली पॉइंट टू-टू घेताना: जुनी मॅच रायफल बरी की नवीकोरी साधी?

मुळशीकर

गेल्या महिन्यात रेंजवर दोन पालकांनी मला एकच प्रश्न विचारला. मुलगी दोन-तीन वर्षं दहा मीटर एअर रायफल मारते आहे, आता पन्नास मीटरला न्यायचं आहे, तर पॉइंट टू-टू (०.२२ इंच नळीची रायफल) कुठली घ्यावी? दोघांनाही दुकानदारांनी नवी, चकचकीत, साध्या दस्त्याची स्पोर्टर रायफल सुचवली होती. माझं मत अगदी उलट आहे. सविस्तर लिहितो, पटलं नाही तर जरूर खोडा.

माझं म्हणणं असं: पहिली पॉइंट टू-टू जुनी घ्या, पण मॅचचीच, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली घ्या. अ‍ॅन्शुट्झ या जर्मन कंपनीची १९१३ किंवा तिच्या आधीची १८१३ (ही मॉडेलं आहेत, सालं नव्हेत), पंचवीस-तीस वर्षं वापरलेली असली तरी चालेल. वाचलेले पैसे गोळ्यांना ठेवा. रायफल अचूक असते असं आपण म्हणतो, पण अचूक असते ती नळी आणि त्या नळीला मानवलेला गोळ्यांचा लॉट (कारखान्यातली एक खेप), दोन्ही मिळून.

कारण या काडतुसाच्या घडणीतच आहे. सेंटरफायर काडतुसाला मागे मधोमध वेगळी टोपी असते. पॉइंट टू-टू रिमफायर आहे, तिच्यात पेट घेणारं मिश्रण काडतुसाच्या काठाच्या पोकळीत पसरवलेलं असतं आणि पिन त्या काठावर आदळते. मिश्रण कुठे जास्त, कुठे कमी पसरलं की गोळीचा वेग बदलतो. हे काडतूस घरी पुन्हा भरताही येत नाही, कारखान्यातून आलं तसं वापरायचं. त्यामुळे एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन डब्या लॉट वेगळा असला की वेगळ्या वागतात. माझ्या रायफलीतून दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, एका लॉटने १४ मिमी दिला, त्याच नावाच्या दुसऱ्या लॉटने २४.

आता हिशेब करा. पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी. गोळी ५.६ मिमी. भोकाची कड रेषेला शिवली तरी दहा धरतात, म्हणजे गोळीचा मध्य साधारण १६ मिमी व्यासाच्या आत पडायला हवा. १४चा लॉट त्यात बसतो, २४चा बसत नाही. त्या मुलीने श्वास, चाप, पकड सगळं बिनचूक सांभाळलं तरी नऊ येणार आणि ती स्वतःला दोष देत बसणार. मला याचंच वाईट वाटतं.

---

करवीरकर

मुळशीकर, गोळ्यांचं गणित मान्य. पण सुरुवातच चुकीच्या टोकाने केलीत असं माझं मत. मी कोल्हापुरात पोरांना शिकवतो, आधी पोरीच्या अंगाकडं बघतो, रायफलीकडं मग.

तुमची ती जुनी १९१३ एखाद्या सहा फुटी माणसाच्या मापाने लावलेली असणार. वजन सात किलोच्या आसपास. पंधरा वर्षांची, पाच फूट एक इंचाची पोर तिच्यामागं झोपली की काय होतं, मी डोळ्यांनी बघितलंय. बटप्लेट (दस्त्याचा खांद्याला टेकणारा भाग) पार आत ढकलली तरी दस्ता लांबच पडतो. मग ती खांदा पुढं काढते, मान ताणून डायऑप्टरपर्यंत (मागची बारीक भोकाची साइट) डोळा नेते. चीकपीसवर गाल टेकलेला नसतो, दाबलेला असतो. वीस गोळ्यांनंतर डोळ्यात पाणी, चाळीसनंतर मान दुखते. वर्षभर तसं मारलं की तीच सवय लागते, आणि लागलेली सवय सोडवायला दोन वर्षं जातात.

२०१० साली म्युनिकला जागतिक स्पर्धेत तेजस्विनी सावंतने पन्नास मीटर प्रोनचं सुवर्ण घेतलं, तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते. प्रोन म्हणजे झोपून साठ गोळ्या, एकाच आसनात, अंग न हलवता. ते नुसत्या नळीच्या जिवावर होत नाही. माझा क्रम सांगतो: पहिला दस्ता, दुसरी साइट आणि चाप, तिसरी नळी. गोळ्यांचा लॉट त्याच्यानंतर. सगळे नऊच्या बाहेर मारणाऱ्या पोराला १४ आणि २४ मिमीतला फरक दिसणारच नाही.

---

मुळशीकर

करवीरकर सर, दस्ता बसलाच पाहिजे, यात वाद नाही. पण याच कारणाने मी मॅच रायफल म्हणतो! साध्या स्पोर्टरला बटप्लेट सरकत नाही, चीकपीस वर-खाली होत नाही, हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा ठोकळा) लावायला खाली रेल नसते. तुमच्या पोरीला तिच्यात काय जुळवून देणार? मॅच रायफलचा दस्ता निदान जुळवता येतो. अगदीच मोठा पडला तर लाकडी दस्ता सुताराकडून कमी करून घेता येतो, आमच्याकडे दोघांनी केलंय.

---

सुभेदार_निवृत्त

नमस्कार. एनसीसीच्या कॅडेटना अनेक वर्षं फायरिंग शिकवलं आहे, त्या अधिकारात लिहितो.

आपण दोघेही घेण्याबद्दल बोलत आहात. मी म्हणतो, घेऊच नका. निदान दोन वर्षं तरी. आमच्या कॅडेटना पॉइंट टू-टू डीलक्स मिळायची, साधी उघडी साइट, अंतर २५ यार्ड. एकाच रायफलीवर तीस-तीस मुलं मारायची. त्याच रायफलीवर एक मुलगा पाच गोळ्या एका रुपयाखाली झाकायचा आणि दुसऱ्याच्या पाचही टार्गेटभर पसरायच्या. रायफल बदलली नव्हती. ज्याचा ग्रुप येत होता त्याचा श्वास आणि चाप एका तालात होता.

शिवाय परवान्याचं काम हलकं नाही. आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त, इतरत्र जिल्हाधिकारी, संघटनेची पत्रं, घरी तपासणी, कपाट. शस्त्र घरात येतं त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकावर जबाबदारी येते. सोळा वर्षांच्या मुलीच्या हौसेसाठी ते घाईने करू नये. क्लबची रायफल वापरावी, वही ठेवावी, रोज किती मारल्या, ग्रुप कुठे पडला ते लिहावं. दोन वर्षांनी ती वही सांगेल कुठली रायफल हवी ते.

---

ऑग्सबुर्गचा_मराठी

सुभेदार काका, तुमचा सल्ला इथे जर्मनीत कायद्यातच आहे. क्रीडा-नेमबाज म्हणून परवाना मागायचा तर आधी किमान बारा महिने क्लबमध्ये नियमित नेमबाजी केलेली लागते. मीही क्लबच्या जुन्या अ‍ॅन्शुट्झवरच शिकलो. त्या वर्षाने माझे बरेच पैसे वाचवले, कारण पहिल्या महिन्यात मी जी घेणार होतो ती आज मला नको आहे.

पण मुळशीकर, तुमच्या आकड्यांवर मला आक्षेप आहे. एका लॉटचा एक ग्रुप आणि दुसऱ्याचा एक ग्रुप, यावरून निकाल लावलात का? मी इंजिनिअर आहे, हे मला सोडवत नाही. तीच रायफल, तोच लॉट, तोच दिवस, तरी दहा गोळ्यांचे ग्रुप एकदा १३, एकदा २१ येतात. तीन गोळ्यांचा ग्रुप घेऊन लोक रायफल विकतात, त्याला तर काहीच अर्थ नाही. निदान पाच ग्रुप मारा, सरासरी काढा, मग बोला. आणि हो, गोळी बदलली की पहिल्या दहा-पंधरा धरू नका. शिशाच्या गोळीवर बाहेरून वंगण असतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं. आधीचं निघून नवं बसेपर्यंत नळी स्थिरावत नाही.

लॉटचा मुद्दा मात्र खरा आहे. गोळ्या बनवणाऱ्या लापुआचं शोनेबेक इथे चाचणी केंद्र आहे. मी तिथे रायफल घेऊन गेलो होतो. दस्ता काढून नळी-अ‍ॅक्शन पकडीत आवळतात, पन्नास मीटरवर यंत्र प्रत्येक गोळीची जागा नोंदवतं. माणसाचा हात त्यात नाहीच. मी सात लॉट मारून पाहिले. सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट, दोन्ही एकाच नावाच्या डबीतले होते.

---

नेमबाजीची_आई

मी फक्त झालेलं सांगते. मुळशीकर दादांनी सांगितलं तसंच आम्ही केलं होतं, जुनी मॅच रायफल घेतली. विकणारे ओळखीतले. रायफल दिसायला सुंदर. पहिल्या आठवड्यापासून रिकामी काडतुसं बाहेर यायला अडायची, मधूनच एखादी फुटायचीच नाही. शेवटी एका जुन्या कारागिराने बोल्ट काढून टॉर्च लावून दाखवलं: चेंबरच्या (काडतूस बसतं त्या पोकळीच्या) तोंडाशी, पिन पडते तिथे, नखाला लागेल असा खड्डा. रिकाम्या चेंबरवर वर्षानुवर्षं चाप ओढून सराव केलेला. काठ मध्ये नसला की पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते, हे आम्हाला कुठे माहीत होतं? ते दुरुस्त होईपर्यंत लेकीचा एक मोसम गेला. राज्य स्पर्धेला ती क्लबच्या रायफलीने उतरली आणि रडत घरी आली.

म्हणून विचारते, जुनी घ्या म्हणता, पण आमच्यासारख्यांनी ती तपासायची कशी?

---

मुळशीकर

ताई, हे आधी लिहायला हवं होतं, राहून गेलं. माझी चूक.

बोल्ट काढा आणि टॉर्चने आधी चेंबरची कड बघा, जिथे तुमचा घात झाला तिथेच. मग नळीचं पुढचं तोंड. कापसाची काडी त्या कडेवर आतून बाहेर हलकेच फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे ओरखडा आहे. गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो, एका बाजूने वायू आधी निसटला की गोळी कलते. पुढच्या तोंडातून सळई घालून साफ केलेल्या रायफली अशाच खराब होतात. सळई नेहमी मागून, गाइड लावून घालायची.

नंतर आतून साफ नळीतून घट्ट कापडाचा बोळा सावकाश ढकला. हाताला सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे. मध्येच सैल किंवा अडकल्यासारखं वाटलं तर तिथे गंज किंवा शिसं आहे. मुंबई-कोकणातली रायफल असेल तर हे दोनदा करा. खारी हवा आणि चार महिने पावसाळा, कपाटात सिलिका जेल नसेल तर एका मोसमात नळीवर डाग पडतात.

शेवटचं, ती रायफल स्वतः मारल्याशिवाय पैसे देऊ नका. बघायला देतो पण मारायला देत नाही म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत या.

---

ह्यूस्टनकर

इथून वेगळा सूर लावतो. माझ्याकडे सीझेड ४५७ आहे, मित्राकडे टिक्का टी१एक्स. दोन्ही मॅच रायफलच्या कितीतरी खालच्या किमतीच्या. चांगली सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाची) गोळी घातली तर पन्नास यार्डवर माझी अर्ध्या इंचाच्या आसपास राहते. रोज सात किलोचं धूड कशाला? नवी, वॉरंटीची, दुर्बीण लावता येणारी घ्या आणि मजेत मारा.

---

करवीरकर

ह्यूस्टनकर, तुमच्याकडे तिचा उपयोग वेगळा. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, पोराच्या हातात पॉइंट टू-टू येते ती स्पर्धेसाठीच. पन्नास मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, तेही पन्नास यार्डला, म्हणजे ४६ मीटरपेक्षा कमी. किती गोळ्यांचा ग्रुप, तेही सांगा.

---

ह्यूस्टनकर

पाच गोळ्यांचा. ऑग्सबुर्गकरांचं वाचून दहाचे मारायला हवेत हे कळलं. पण वेगाचा मुद्दा सोडू नका: हाय व्हेलॉसिटीच्या गोळ्या स्वस्त मिळतात म्हणून कुणी घेऊ नका. त्या आवाजापेक्षा जोरात निघतात आणि पन्नास मीटरच्या आसपास आवाजाच्या वेगाखाली येतात, नेमक्या तिथे डगमगतात. मॅचच्या गोळ्या मुळातच सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास निघतात, आवाजाच्या खाली.

---

सुभेदार_निवृत्त

२०२४ला स्वप्निल कुसळेने ऑलिंपिकचं कांस्य घेतलं तो दिवस आठवतो. ४५१.४ गुण. पात्रता फेरीत ५९० करून सातव्या क्रमांकाने आत आला होता. कांबळवाडीचा मुलगा, नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. गुडघ्यावर, झोपून, उभ्याने, तिन्ही आसनं. तो दिवस बघून किती आईबाप रायफल घ्यायला निघाले असतील. त्यांनी आधी प्रबोधिनीतल्या त्या वर्षांकडे बघावं एवढंच मागणं आहे.

---

मुळशीकर

सुभेदार साहेब, त्या वर्षांत गोळ्या लागल्याच ना? रोज शंभर म्हटल्या तरी पाच दिवसांत ५०० ची पेटी संपते. म्हणून तर म्हणतो, रायफलीवर कमी आणि गोळ्यांवर जास्त खर्च करा. परदेशातून थेट रायफल मागवायची मुभा ठराविक पातळी गाठलेल्या नेमबाजांनाच मिळते, त्यामुळे नवशिक्याला चांगली नळी हवी तर जुनीच बघावी लागते. माझा मुद्दा अजून तिथेच आहे.

---

मुळशीकर (नऊ दिवसांनी)

ऑग्सबुर्गकर, तुमचा आक्षेप डोक्यातून जात नव्हता. परवा सकाळी सातला, वारा उठायच्या आत, बेंचवर रायफल टेकवून दोन्ही लॉट पुन्हा मारले. प्रत्येकी पंधरा गोळ्या वाया घालवून, मग दहाचे पाच-पाच ग्रुप. पहिला लॉट: १४, १८, १५, १९, १६. सरासरी १६.४. दुसरा: २२, १७, २४, १९, २०. सरासरी २०.४. फरक आहे, पण मी लिहिला होता तेवढा नाही. १४ आणि २४ हे दोन्ही टोकांचे ग्रुप मी धाग्यात घेऊन आलो होतो.

आणि करवीरकर सर, त्या दोघींपैकी एकीला काल जुन्या १९१३ मागे झोपवलं. बटप्लेट पूर्ण आत, चीकपीस सर्वांत खाली. तिने काही तक्रार केली नाही. दहा गोळ्यांनी उठली तेव्हा गालावर चीकपीसची कड लाल उमटलेली होती आणि डावं कोपर ती चोळत होती. शेजारी क्लबची लहान दस्त्याची रायफल होती, तिच्यावर ती चाळीस गोळ्या न उठता मारून गेली. तिच्या वडिलांना सांगितलं, दिवाळीपर्यंत हीच. दोन पेट्या गोळ्या, एकाच लॉटच्या, त्यांनी मागवल्या आहेत.

---

करवीरकर

मधल्या काळात तिच्या दस्त्याची मापं मला पाठवा. खांद्यापासून चापापर्यंतचं अंतर आणि गालाची उंची, झोपलेल्या स्थितीत, स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा) लावून घेतलेली. उभ्याने घेतलेली मापं पाठवू नका, ती उपयोगाची नाहीत.