मदत हवी आहे: विद्यार्थ्यांनीच द्यायच्या सामाजिक शास्त्रांच्या पुरस्कारासाठी मतदान कसे घ्यावे?

नमस्कार.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला अर्थशास्त्र शिकवते. सामाजिक शास्त्रांवरील एका मराठी पुस्तकाला किंवा दीर्घ लेखाला दरवर्षी अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी पुरस्कार द्यावा, अशी आमची योजना आहे. कल्पना फ्रान्समधली आहे. तिथे १९६७पासून उच्च माध्यमिक वर्गांना आर्थिक आणि सामाजिक शास्त्रे हा एकत्रित विषय शिकवला जातो आणि त्या विषयावरच्या पुस्तकाला विद्यार्थ्यांनी द्यायचा पुरस्कारही आहे. साहित्यासाठीचा अशाच स्वरूपाचा अधिक प्रसिद्ध पुरस्कार, ‘गोंकूर दे लिसेआं’, १९८८मध्ये रेन शहरात सुरू झाला. त्यात सुमारे दोन हजार विद्यार्थी दोनेक महिन्यांत यादीतल्या कादंबऱ्या वाचतात, वर्गात त्यांवर चर्चा करतात आणि त्यांनी निवडून पाठवलेले प्रतिनिधी अखेरचा निर्णय घेतात. मुलांच्या वाचनावर टाकलेला हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो.

माझी अडचण मतमोजणीची आहे. गेल्या सत्रात चाळीस विद्यार्थ्यांना आम्ही तीन लेख वाचायला दिले होते: एक ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांवर, एक गावच्या पाणीवाटपावर आणि एक शहरातल्या भाड्याच्या घरांवर. प्रत्येकाने तिन्ही लेखांना पसंतीक्रम दिला. ऊसतोडीच्या लेखाला सर्वाधिक, म्हणजे १५ जणांची पहिली पसंती मिळाली. पण उरलेल्या पंचवीसही जणांनी तो शेवटच्या क्रमांकावर टाकला होता. पाण्याच्या लेखाला पहिली पसंती १३ जणांची होती, मात्र बाकीच्या सर्वांनी त्याला दुसरे स्थान दिले होते. अठराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ बोर्दा यांच्या पद्धतीने पहिल्या पसंतीला दोन आणि दुसऱ्या पसंतीला एक गुण धरला, तर पाण्याच्या लेखाला ५३ आणि ऊसतोडीच्या लेखाला अवघे ३० गुण मिळतात. मतपत्रिका त्याच, विजेते मात्र दोन.

मला स्वतःला बोर्दांची पद्धत न्याय्य वाटते, कारण तिच्यात प्रत्येक मुलाचे पूर्ण मत मोजले जाते. परंतु आपला आवडता लेख जिंकावा म्हणून प्रबळ प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम शेवटी टाकण्याची वाटही त्याच पद्धतीत मोकळी राहते, आणि सतरा वर्षांच्या मुलांना ती सापडायला वेळ लागत नाही. म्हणून मतदानाऐवजी प्रतिनिधींच्या चर्चेतून निर्णय घ्यावा, असे एक सहकारी सुचवतात. पण तसे केल्यास वर्गात एरवीही कमी बोलणाऱ्या मुलींचे मत हरवेल, अशी भीती मला वाटते.

कोणी शाळा-महाविद्यालयात असा उपक्रम चालवला असल्यास मतदान आणि चर्चा यांची सांगड कशी घातली, हे कृपया सविस्तर लिहावे. प्राथमिक यादी शिक्षकांनी करावी की तीही मुलांवर सोपवावी? शिवाय अकरावीच्या मुलांना पेलेल अशा भाषेतले, परंतु विषय सोपा करण्याच्या नादात पातळ न झालेले मराठी लेखन सुचवल्यास फार उपकार होतील. ‘समाज प्रबोधन पत्रिके’चे जुने अंक मी सध्या चाळते आहे, पण त्यांतले बरेच लेख या वयाला जड जातात.