पिकअपसाठी डिझेल कोणत्या पंपावर टाकावं? (वरूड-मोर्शी भाग)

संत्रा_कॅरेट

नमस्कार भाऊ लोकहो. बोलेरो पिकअप आहे, बीएस६ (नव्या प्रदूषण नियमाची). हंगामात बागेतून संत्र्याचे कॅरेट उचलून नागपूरच्या कळमना बाजारात पोचवायचे, एरवी कापूस, ढेप, खताच्या बॅगा. आठवड्याला ९० लिटरच्या आसपास डिझेल लागते. डिझेल टाकायला चार जागा आहेत:

१) गावापासून ३ किमीवरचा पंप. गिऱ्हाईक कमी, दिवसभरात ट्रॅक्टर आणि मोटारसायकली.
२) हायवेवरचा मोठा पंप, ट्रकांची रांग असते. रस्त्यातच पडतो, पण रिकामी गाडी असली तर ९ किमी आडवं जावं लागते.
३) पांढुर्ण्याकडे भाडं असलं की मध्य प्रदेशातला पंप.
४) एक जण ड्रममधून "बायोडिझेल" देतो, लिटरमागं १२ रुपये कमी.

काही जण सांगतात सकाळी ६ च्या आत टाका, थंड डिझेल जास्त भरते. काही सांगतात १००० चं न टाकता १०१० चं टाका. यातलं खरं काय, आणि पंप चांगला का वाईट हे ओळखायचं कसं? भाव मी पाहून घेतो, मला इंजिनाची काळजी जास्त आहे.

---

नोझल_ते_टाकी

भाऊ, भावाचा हिशोब आधी उरकून टाकू, तो छोटा आहे. राज्यात डिझेलवरचा व्हॅट सगळीकडे सारखा. जुलै २०२४ पासून मुंबई-ठाण्यालाही तोच २१ टक्के झाला. त्यामुळं आपल्या भागात दोन पंपांच्या भावात जो फरक दिसतो तो बहुतेक डेपोपासूनच्या वाहतुकीचा. खापरी, बोरखेडी, गायगाव, ज्या डेपोचा माल येतो त्याचं अंतर भावात धरलेलं असते. हा फरक पैशांत असतो, फार तर रुपयाच्या आसपास. समजा ८० पैसे स्वस्त आहे आणि तुम्ही ४५ लिटर टाकलं, तर वाचले ३६ रुपये. त्यासाठी ९ किमी जाऊन ९ किमी परत आलात, गाडी १२ चा ॲव्हरेज देते असं धरलं, तर दीड लिटर जळालं. म्हणजे सव्वाशेच्या वर गेले. पांढुर्ण्याचंही तसंच. भाडं त्याच बाजूचं असेल आणि त्या दिवशीचा भाव खरंच कमी असेल तर टाका, मुद्दाम जाऊ नका. भाव २०१७ पासून रोज सकाळी ६ ला बदलू शकतो, कालच्या ऐकीव भावावर विसंबू नका.

आता गिऱ्हाईक कमी-जास्तचा मुद्दा. इथं थांबून समजून घ्या, कारण पंप निवडायचा तो यावरच.

टँकर साधारण १२ हजार लिटर आणतो. दिवसाला ८०० लिटर विकणाऱ्या पंपाला तो १५ दिवस पुरतो. हायवेवरचा पंप तेवढं दीड-दोन दिवसांत संपवतो. १५ दिवसांत डिझेल काही "शिळं" होत नाही, ते महिनोन्महिने टिकते. अडचण पाण्याची. जमिनीखालची टाकी अर्धी रिकामी राहिली की वरच्या हवेतली ओल आत धरते, थेंब होऊन तळाशी बसते. शिवाय आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. टाकीच्या तोंडावरचा चेंबर नीट उंच नसला, झाकणाचं रबर गेलेलं असलं, की जुलै-ऑगस्टात पावसाचं पाणी चेंबरमध्ये साचते आणि तिथून आत झिरपते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसते. ओढणारा पाइप तळापासून थोडा वर असतो, त्यामुळं थोडं पाणी असेपर्यंत कोणाला कळतही नाही. एक दिवस ती पातळी चढते, किंवा नवा टँकर खाली होताना सगळं ढवळून निघते, आणि ते नोझलमधून गाडीत जाते.

म्हणून पंपावर गेल्यावर आधी टाक्यांच्या झाकणांची जागा पाहा. गाड्या उभ्या राहतात त्या जागेपेक्षा उंच आहे का, भोवती डबकं आहे का. बाजूला नाला असलेला सखल पंप पावसाळ्यापुरता टाळा. टँकर खाली होत असेल तर त्या वेळी डिझेल टाकू नका, तासाभरानं या. आणि जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर मॅनेजरला सरळ विचारा, "आज वॉटर पेस्ट लावून डीप घेतली का?" डीप रॉडच्या टोकाला ती पेस्ट लावून टाकीत सोडतात, पाणी लागलं तेवढ्या उंचीपर्यंत तिचा रंग बदलतो. चांगला पंप हे रोज सकाळी करतो आणि रजिस्टर दाखवायला कां-कूं करत नाही.

एवढं सगळं करणारा छोटा पंपही चांगला असतो हे ध्यानात ठेवा. निव्वळ गर्दी पाहून निर्णय नको.

---

पहाटेचा_ड्रायव्हर

सकाळी टाकणंच फायद्याचं आहे. डिझेल गरम झालं की फुगते हे शास्त्र आहे, आपल्याकडं मे महिन्यात ४५ अंश जाते. दुपारी टाकलं तर लिटरमागं मार बसते.

---

नोझल_ते_टाकी

फुगते हे बरोबर. १० अंशांमागं साधारण ०.८ टक्के. पण पंपाची टाकी जमिनीत पुरलेली असते, खालचं तापमान सकाळ-दुपार फारसं हलत नाही. बाहेर ४५ असलं तरी नोझलमधून येणारं डिझेल बाहेरच्या हवेएवढं तापलेलं नसते. फरक पडला तर मधल्या पाइपात थांबलेल्या लिटर-दोन लिटरला पडेल. सकाळी गर्दी नसते, माप शांतपणे पाहता येते, हा खरा फायदा.

१०१० चंही तसंच. मशीन आकडा पाहून माप बदलत नाही. माप मारायचं असेल तर ते कुठल्याही आकड्यावर मारता येते, आणि पकडायचा मार्ग एकच: ५ लिटरचं माप. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप ठेवावंच लागते आणि गिऱ्हाईक मागेल तेव्हा मोजून दाखवावं लागते. शिक्क्यावरचं वर्ष पाहा. माप कोरडं असेल तर आधी एकदा भरून ओतून घ्या, नाहीतर भिंतीला चिकटलेलं डिझेल कमी दिसते आणि पंपवाल्यावर उगाच आळ येतो. माप सपाट जागी ठेवा, मशीन शून्यावर आणा, बरोबर ५.०० वर थांबवा. फेस बसू द्या. मग मानेवरच्या पट्टीवर वाचा. २५ मिली कमी-जास्तपर्यंत चालते. त्याहून कमी भरलं तर त्या नोझलनं विक्री थांबवायला हवी. तक्रारवहीत नोझल नंबर, वेळ आणि किती मिली कमी ते लिहा.

आणि फेसाबद्दल एक. नोझल पूर्ण दाबून जोरात भरलं की टाकीत फेस होतो, पहिला कट (नोझल आपोआप बंद होणं) लवकर बसतो आणि टाकी भरल्यासारखी वाटते. हळू धारेनं भरा.

---

इंजेक्टर_मिस्तरी

इंजिनाची काळजी म्हणालात म्हणून लिहितो.

आधी ४ नंबर. ते टाकू नका. खरं बायोडिझेल वनस्पती तेलापासून बनते, ते विकायचे सरकारी नियम २०१९ पासून आहेत आणि त्याला रीतसर परवानगी लागते. ड्रममधून १२ रुपये स्वस्त मिळणारा माल म्हणजे बहुतेक वेळा कारखान्यातलं तेल, सॉल्व्हंट किंवा त्यात केरोसीन. १ एप्रिल २०२० पासून देशभर पंपावर बीएस६ डिझेलच येते, त्यात गंधक दहा लाखात १० भाग. (त्यामुळं "बीएस६ चं डिझेल हायवेलाच मिळते" असं काही जण म्हणतात तेही खोटं, गावचा पंप काय आणि हायवेचा काय, डेपोतून बीएस६ मालच येतो.) ड्रमच्या मालात गंधक किती, कोणालाच माहीत नाही. बीएस६ गाडीच्या सायलेन्सरमधली यंत्रणा गंधकानं आणि काजळीनं चोक होते. गाडीतल्या डिझेल पंपाचे सील फुगतात, फिल्टरमध्ये चिकट गाळ बसतो. केरोसीन असेल तर आणखी वाईट: गाडीतल्या हाय प्रेशर पंपाला आणि इंजेक्टरला (इंजिनात डिझेलचा फवारा मारणारा भाग) वंगण म्हणून वेगळं ऑइल नसते, डिझेलच ते काम करते. केरोसीनची वंगणक्षमता कमी, मग धातूवर धातू घासतो. कॉमन रेलमध्ये (इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी नळी) दाब हजार बारच्या वर जातो आणि आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते. तिथं चरा पडला की दुरुस्ती फार उरत नाही, बदलावंच लागते. आठवड्याला ९० लिटरवर १२ रुपये म्हणजे महिन्याला साडेचार हजार वाचतात, हे खरं. एका इंजेक्टर सेटच्या खर्चात ते कित्येक महिने वाहून जातात.

आता चाचणी. फिल्टर पेपरवर थेंब टाकून पाहतात ती पेट्रोलची चाचणी आहे. डिझेलचा डाग पेपरवर राहतोच, त्यावरून काही ठरत नाही. रंगावरूनही नाही. डिझेलला घनता पाहा, तीही फुकट, हक्कानं मागा.

पंपावर ५०० मिलीचा काचेचा जार, हायड्रोमीटर (घनता दाखवणारी तरंगती काचनळी), थर्मामीटर आणि तक्ता असतो. नोझलमधून थोडं डिझेल आधी सोडून द्या, जार त्याच डिझेलनं विसळून घ्या, मग भरा. हायड्रोमीटर हलकेच सोडा, काचेला टेकू नये. डोळा पातळीच्या समोर आणून आकडा वाचा, लगेच तापमान वाचा. समजा घनता ८१२ आली आणि डिझेल ३८ अंशांवर आहे. तक्त्यात ते १५ अंशांवर आणलं की सुमारे ८२८ होते. अंदाजानं एका अंशाला ०.७ धरा, २३ अंशांचे साधारण १६ वाढले. हा आकडा पंपाच्या त्या दिवशीच्या नोंदीशी जुळवा. ३ पर्यंत फरक मान्य, त्यापुढं नाही. नुसते ८१२ पाहून "भेसळ आहे" असं भांडू नका. उन्हाळ्यात आपल्याकडं वाचन कमीच येणार.

पण या चाचणीची मर्यादाही लक्षात घ्या. ७९० घनतेचं केरोसीन १० टक्के मिसळलं तर ८२८ चं ८२४ होते, म्हणजे जेमतेम पकडलं जाते. ५ टक्के असेल तर सुटून जाते. आणि पाणी यात दिसतच नाही, ते तर तळाशी बसलेलं असते. पाण्यासाठी पारदर्शक काचेच्या बाटलीत लिटरभर घ्या, १० मिनिटं ठेवा, उजेडासमोर धरा. चांगलं डिझेल चकचकीत दिसते. धुरकट असेल किंवा तळाशी मोत्यासारखे थेंब फिरताना दिसले, तर तिथून टाकू नका.

---

संत्रा_कॅरेट

लय कामाचं सांगितलं भाऊ. दर वेळी जार लावणं जमणार नाही, पण नवा पंप धरताना नक्की करतो. गाडीत पाणी गेलं हे कळते कसं? आणि शेतावरच्या कामाला कॅनमध्ये डिझेल न्यावं लागते, त्याचं काय?

---

इंजेक्टर_मिस्तरी

डॅशबोर्डवर फिल्टरच्या चित्राखाली थेंब असलेला दिवा लागतो. तो लागला की "गावापर्यंत नेतो" असं करू नका. इग्निशन बंद करा, डिझेल फिल्टरखाली स्वच्छ बाटली धरा, तळाचा ड्रेन स्क्रू दीड-दोन आटे ढिला करा. हँड प्रायमर (हातानं डिझेल ओढायचा छोटा पंप) असेल तर दाबत राहा. आधी पाणी, मग पाणी-डिझेल मिसळ, मग साफ डिझेल येईल. स्क्रू हातानंच आवळा, पान्यानं नको, प्लॅस्टिकचे आटे जातात. प्रायमर कडक होईपर्यंत दाबा, मग स्टार्ट करा. दोन चमचे निघालं तर ठीक. साफ केल्यावर ५०-१०० किमीत दिवा पुन्हा लागला तर टाकीतच पाणी आहे, टाकी उतरवावी लागेल. पांढरा धूर, झटके, चढावर दम तोडणं ही पुढची लक्षणं. तेव्हा सेल्फ मारत बसू नका, गाडी ओढून न्या. निघालेलं पाणी त्याच बाटलीत ठेवा आणि पंपाचं छापील बिल सोबत ठेवा. तक्रार करताना हीच दोन उपयोगी येतात. म्हणून यूपीआयनं पैसे दिले तरी बिल मागत जा.

पावसाळ्यात दिवा लागो न लागो, १५ दिवसांतून एकदा फिल्टरचं पाणी काढा. आणि दोष प्रत्येक वेळी पंपाचा नसतो. सर्व्हिसिंगला प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट टाकीच्या झाकणावर मारतात, झाकणाचं रबर फाटलेलं असलं की पाणी तिथूनच जाते. ते रबर आज उघडून पाहा.

रिझर्व्हवर गाडी चालवली की "गाळ ओढते" म्हणतात. ओढणारी नळी कायम तळाशीच असते, टाकी भरलेली असली तरी. रिझर्व्हचा धोका हवा ओढण्याचा आहे. हवा गेली की हाय प्रेशर पंप कोरडा फिरतो. शिवाय पावसाळ्यात रात्री टाकी अर्ध्याच्या वर ठेवली की ओल कमी धरते.

---

नोझल_ते_टाकी

कॅनचं: डिझेल घरी किंवा शेतावर एका जागी २५०० लिटरपर्यंत, कोणताही एक डबा १००० लिटरहून मोठा नसेल तर, पेट्रोलियम कायद्याप्रमाणं परवाना लागत नाही. पेट्रोलला हा नियम लागू होत नाही. कॅन झाकण घट्ट बसणारा, आधी पाण्याचा किंवा फवारणीच्या औषधाचा नसलेला हवा. जस्ताचा मुलामा असलेला पिंप वापरू नका, डिझेलशी जस्ताचा संयोग होतो आणि तो मळ फिल्टरमध्ये येतो. भरताना कॅन गाडीत ठेवून भरू नका, खाली जमिनीवर ठेवा आणि नोझल डब्याच्या तोंडाला टेकवून धरा. प्लॅस्टिकच्या मॅटवर डबा ठेवून भरलं की स्थिर वीज साचते. त्या कॅनमधलं डिझेल पिकअपमध्ये ओतायची वेळ आलीच तर रात्रभर स्थिर ठेवा, बारीक जाळीच्या नरसाळ्यातून ओता आणि तळाचं लिटरभर कॅनमध्येच राहू द्या.

तुमच्या कामाला माझं मत: लोड घेऊन जाताना हायवेचा २ नंबरचा पंप. जून ते सप्टेंबर फक्त तोच. गावचा पंप उन्हाळ्यात चालेल, त्याची डीप आणि चेंबर एकदा पाहून घ्या.

---

संत्रा_कॅरेट

आताच झाकण उघडून पाहिलं. रबर एका बाजूनं चिरलेलं आहे. उद्या वरूडहून नवं आणतो, आणि शनिवारी लोड घेऊन जाताना हायवेच्या पंपावर ५ लिटरचं माप लावतो. किती भरलं ते इथंच लिहितो.