सिमवाला टॅब कशाला? वायफायवाला घ्या, वरचे पैसे वाचवा

अमळनेरकर
भाची यंदा अकरावी सायन्सला गेली. नीटची तयारी करायची म्हणून टॅब बघायला जळगावला गेलो, तर दुकानदाराने एकच धोशा लावला, "साहेब, सिमवालाच घ्या, नंतर पस्तावाल." मला काही पटलं नाही. बारा-पंधरा हजारांच्या अँड्रॉइड टॅबला सिमच्या खाचेपायी दोन-तीन हजार जास्त. आयपॅडचं तर बोलूच नका: ए16 वाला 2025 मध्ये साधा 34,900 ला आला, सिमवाला 49,900 ला. सरळ 15 हजारांचा फरक.

बरं, एवढ्यावर भागत नाही. 28 दिवसांचं रिचार्ज वर्षाला 13 वेळा मारावं लागतं. रोज 2 जीबीवाला 349 चा प्लॅन धरला तरी साडेचार हजारांच्या वर जातं. 2024 च्या जुलैत दर वाढले तेव्हापासून घरातली आहेत ती सिमं पोसतानाच दमछाक होते. आणि त्याच घरात प्रत्येकाचा दीड-दोन जीबी रोज रात्री बाराला वाया जातो. हॉटस्पॉट लावा आणि मोकळे व्हा. यात माझं काय चुकतंय ते सांगा.

कांदेबाग_रावेर
भाऊ, हॉटस्पॉट लावा म्हणता, पण कोणाच्या फोनचा? आमच्या घरी चांगला फोन एकच, तो माझ्या खिशात. मी सकाळी सहाला केळीच्या बागेत. घड मोजायला माणूस आलेला, व्यापारी भाव पाडून मागतोय, आणि घरून निरोप, "पप्पा, क्लास सुरू झाला, नेट द्या." तीन किलोमीटरवरून हॉटस्पॉट कसा देणार?

घरी असलो तरी रड आहेच. माझ्या फोनमध्ये दोन सिमं. एकावर नेट चालू असताना दुसऱ्यावर कॉल आला की नेट गचकतं. बऱ्याच दोन सिमच्या फोनांत असंच होतं. भाव ठरवताना मी वीस मिनिटं बोलतो, पोरगं तेवढा वेळ गोल फिरणारं चक्र बघत बसतं.

आणि मे महिना विसरलात का? आपल्याकडे 44-45 अंश म्हणजे नेहमीचं. हॉटस्पॉट चालू, त्यात चार्जिंगला लावलेला, असा फोन हातात धरवत नाही. ॲपल तर स्वतःच सांगतं, 35 अंशांच्या वर वापरू नका. म्हणजे आपण मार्च ते जून फोन माठात ठेवायचा!

जिभाऊ_चाळीसगाव
आठे घरमा रेंजच नही, ते टॅबमा सिम टाकीसन काय करशी भो?

गंमत सोडा, पण मुद्दा खरा आहे. आमचं धाब्याचं घर, भिंती हातभर जाड. आत कुठल्याच कंपनीचा टॉवर पोचत नाही. फोन खिडकीच्या कोनाड्यात ठेवतो, तिथे दोन काड्या दिसतात. टॅब घेऊन पोरगी आत पंख्याखाली. सिमवाला टॅब घेतला असता तर तिलाच खिडकीत उन्हात बसावं लागलं असतं. रेंज एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, ही सोय हॉटस्पॉटनेच होते. हे दुकानदार सांगणार नाही.

सातपुडा_मास्तर
जिभाऊ, तुमच्याकडे निदान खिडकीत तरी दोन काड्या आहेत. मी धडगावकडे शिकवतो. इथे एका टेकडीवर एका कंपनीची रेंज, नाला ओलांडला की दुसरीची. फोनमध्ये एक कंपनी आणि टॅबमध्ये दुसरी, असं ठेवलं तर कुठेतरी काम निघतं. दोन सिमचा फोन तेच करतो म्हणाल, पण फोनची बॅटरी दुपारपर्यंत मेलेली असते आणि वीज कधी येईल ते कोणालाच ठाऊक नसतं. टॅबची बॅटरी मोठी, तो तग धरतो. बाकी धडे मी तळोद्याला गेलो की उतरवून आणतो, त्याला सिम लागत नाही, हेही कबूल.

एक गोष्ट मात्र कोणी बोललं नाही. वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसच नसतं, ते फक्त सिमवाल्यात. इकडे वनहक्क दाव्याची, म्हणजे आदिवासी कसतात त्या जंगलातली, जमीन जीपीएसवर मोजायची असते. शेताच्या बांधावर वायफायवाला आयपॅड घेऊन उभं राहिलं तर तो आपण कुठे आहोत तेच सांगत नाही. अँड्रॉइडमध्ये मॉडेलगणिक वेगळं असतं, खोक्यावरचं वाचून घ्यावं.

अमळनेरकर
मास्तर, तुमचं काम वेगळं. जीपीएसचा मुद्दा मान्य, पण भाचीला जीवशास्त्र वाचायचंय, बांध मोजायचा नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, आमचे दाजी फोनवरच करतात. रावेरच्या भाऊंची अडचण खरी, पण मग त्या साडेचार हजारांत घरी जुना फोन आणि एक सिम कायमचं ठेवा. टॅब चालेल, टीव्हीही चालेल.

धुळे_मोबाइलवाला
दुकानदार म्हणून चार शब्द. शिव्या नंतर द्या.

आम्हाला सिमवाल्यात कमिशन जास्त सुटतं असं सगळ्यांना वाटतं. माझ्याकडे तरी वायफायवाला पटकन खपतो, सिमवाला धूळ खातो. तेव्हा जो "सिमवालाच घ्या" म्हणतो त्याचा अडकलेला माल कोणता, ते ओळखा.

आता कामाचं. आयपॅड घेणार असाल तर नव्यात सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे आतच बसवलेलं, काढता न येणारं. गरज पडली की फोनमधलं सिम काढून टॅबमध्ये टाकू, हे तिथे चालत नाही. शिवाय सिमवाल्या आयपॅडवरून साधा फोन लागत नाही, नुसतं नेट. दुबईहून कोणी आणलेला स्वस्तातला टॅब घेताना त्यात बँड 28, म्हणजे नेटवर्कच्या लहरींचा तो पट्टा, चालतो का ते बघा. 700 मेगाहर्ट्झ म्हणतात तो हाच. बीएसएनएलचं 4जी आणि जिओचं 5जी त्यावर लांबपर्यंत पोचतं. तो नसेल तर खेड्यात त्यांची रेंज कमी पडू शकते.

आणि अमळनेरकर, भाची ओबीसी, भटके-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात बसत असेल तर आधी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेचा अर्ज भरा. नीट, जेईई, सीईटीच्या पोरांना ते टॅब देतात, सोबत रोज 6 जीबी डेटा. सरकारलासुद्धा नुसता टॅब देऊन भागत नाही, हे लक्षात घ्या.

अमळनेरकर
सरकार देतं तर घेऊच की. अर्ज आजच बघतो. मी बोलतोय ते खिशातून पैसे जाणाऱ्यांचं.

नीट_2027
काका, मी तुमच्या भाचीच्याच वयाची, भुसावळला असते. सगळे पैशांचं आणि रेंजचं बोलताय. हॉटस्पॉट म्हणजे फोन शेजारी ठेवायचा. शेजारी ठेवला की हातात येतो. मी पप्पांकडे सिमवाला टॅब मागितला तो एवढ्यासाठीच, की फोन त्यांच्याकडे राहील आणि लेक्चर माझ्याकडे.

अमळनेरकर
बेटा, इन्स्टा टॅबवर चालत नाही असं कोणी सांगितलं तुला?

नीट_2027
चालतं की. पण पासवर्ड मम्मीने बदललाय.

कांदेबाग_रावेर
मम्मीला दंडवत. माझं मत सिमवाल्यालाच.