लेखकाच्या घरातलं बोलायचं नाही म्हणजे नक्की कोणी बोलायचं नाही?

माहीमची मृणाल:
काल इथे एकांनी लिहिलं की "लेखकाच्या घरात डोकावणं हा रिकामटेकड्यांचा धंदा, वाचकाने पुस्तक वाचावं आणि गप्प बसावं", आणि खाली पटापट बदाम पडले. मला रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबलं.

कॅनडाची कथाकार अ‍ॅलिस मन्रोचं घ्या. २०१३ चं नोबेल, माझी लाडकी. मे २०२४ मध्ये ती गेली आणि जुलैमध्ये तिच्या धाकट्या मुलीने, अँड्रिया स्किनरने, पेपरात लिहिलं की १९७६ मध्ये, आपण नऊ वर्षांच्या असताना, सावत्र बापाने आपल्यावर अत्याचार केला. आईला तिने १९९२ मध्ये पत्रातून सांगितलं. त्याच्या थोडं आधी मन्रोने एक कथा वाचली होती, त्यातली मुलगी सावत्र बापाने असंच केल्यावर जीव देते, आणि मन्रो हिलाच म्हणाली, तिने आईला का नाही सांगितलं? तेवढ्या वाक्यावर धीर करून पोरीने सांगितलं. आणि आई काही महिने वेगळी राहून त्याच नवऱ्याकडे परत गेली! २००५ मध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला तरी गवगवा नाही. चरित्रकारालाही मुलीने कळवलं होतं, त्याने ते पुस्तकात घातलंच नाही.

आता सांगा, इथे डोकावलं कोणी? मुलगी तर घरातलीच. १९९३ मध्ये आलेली ‘व्हँडल्स’ पुन्हा वाचा, त्यातली बाई पोरांचं काय होतंय त्याकडे काणाडोळा करत राहते. जिच्याकडून आपण माणसांचं गप्प बसणं वाचायला शिकलो तिच्या गप्प बसण्यावर बोलायचं नाही, हा कुठला नियम?

फास्ट लोकल:
ती पोस्ट माझीच, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. नॉर्वेच्या हॅमसन या कादंबरीकाराने १९४३ मध्ये स्वतःचं नोबेलचं मेडल हिटलरच्या प्रचारमंत्र्याला, गोबेल्सला पाठवलं. भयंकर, मान्य. पण त्याचं ‘हंगर’ १८९० चं, त्यातलं एक वाक्य तरी त्यामुळे बदललं का? चारित्र्याचा दाखला मागत बसलात तर कपाटात टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा उरणार नाही. आणि गुन्हा नवऱ्याचा, जाब मात्र बायकोला, हे तुम्हाला चालतं?

माहीमची मृणाल:
जाब आईला आहे हो, बायकोला नाही. आणि कपाट रिकामं करा असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा.

सायन कोळीवाडा:
तुम्ही दोघं कॅनडा-नॉर्वे फिरून आलात, जरा घरचं बघू. नामदेव ढसाळांच्या पत्नी मलिका अमर शेखांचं आत्मकथन ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ चं, पुलंच्या सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० चं. दोघींचे नवरे तेव्हा हयात. सुनीताबाईंनी लिहिलं तर लोक म्हणाले, बाईंनी एवढं कडू कशाला लिहायचं, भाई शेवटी भाईच. ढसाळांचं नाव काढलं की मात्र याच लोकांना आधी घरातली मारहाण आठवते, त्यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह नंतर, तोही आठवला तर. मलिकाताईंचं पुस्तक खरं आहे, मी ते वाचून सुन्न झालोय, पण ते तुमच्या हातात फक्त ढसाळांना हाणायला असेल तर तुम्हाला त्या बाईचंही काही पडलेलं नाही. १९७२ मध्ये कामाठीपुऱ्यातलं जगणं मराठी कवितेत त्या भाषेत दुसऱ्या कोणी आणलं होतं ते सांगा आधी.

फास्ट लोकल:
म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे झालात की.

सायन कोळीवाडा:
अजिबात नाही. मी म्हणतोय मोजायचं तर एकाच मापाने मोजा. तुम्ही म्हणताय मोजूच नका. यातला फरक कळत नसेल तर राहू दे.

कांदेवाडीची लेक:
आमच्या गिरगावातल्या चाळीत एक लेखक राहायचे, नाव सांगणार नाही, त्यांची मुलं आहेत. बायकांच्या दुःखावर लिहायचे, सत्कार व्हायचे, शाली यायच्या. रात्री काकू आमच्या खोलीत यायच्या आणि आई काही न विचारता स्वयंपाकघरात सतरंजी टाकायची. सकाळी नळावर सगळ्या बायका त्यांच्याशी भाजीच्या भावावर बोलायच्या, दंडावरच्या वळाकडे कोणी बघायचं नाही. त्यांच्या कथा चांगल्या होत्या का? असतील. मला शाळेत धडा होता, मी पाठ केला, मार्कही पडले. फास्ट लोकल साहेब, पुस्तक आणि माणूस वेगळं करायची सोय तुम्हाला आहे, काकूंना नव्हती.

फास्ट लोकल:
यावर मी काही बोलत नाही.

फुटपाथ वाचक:
मी साधा मार्ग काढलाय. असल्या लेखकांची पुस्तकं वाचायची पण नवीन घ्यायची नाहीत, किंग्ज सर्कलला नाहीतर फाउंटनला जुनी मिळतात. रॉयल्टीचा एक रुपया जात नाही.

प्रूफवाला:
वा! म्हणजे शिक्षा लेखकाला आणि मरणार कोण, तर प्रकाशक, डीटीपीवाला आणि मी. मराठीत १००० ची आवृत्ती संपायला वर्षं लागतात, त्यात तुम्ही फुटपाथवर ५० रुपयांत नीतिमत्ता घ्या.

फुटपाथ वाचक:
प्रकाशकांचं कौतुक सांगू नका. माझ्या मामाची कादंबरी एकाने छापली, दुसरी आवृत्ती परस्पर काढली, रॉयल्टी मागितली तर "हिशोब चालू आहे" म्हणाले. मामा गेला, यांचा हिशोब अजून चालू आहे.

प्रूफवाला:
एका चोरावरून सगळ्यांना चोर म्हणताय, म्हणजे तुम्हीही तेच करताय जे मृणालबाई करतायत. आणि लेखक गेला तरी भारतात हक्क पुढे ६० वर्षं वारसांकडे राहतात, ते माहितेय ना? साने गुरुजी १९५० ला गेले, २०११ उजाडल्यावर ‘श्यामची आई’ कोणीही छापायला मोकळा झाला. वारसांत कधीकधी ज्यांनी सोसलं तेच असतात. त्यांचा पैसा तुम्ही बुडवताय.

फुटपाथ वाचक:
तुमचा पगार वाचवायला वारसांना पुढे करू नका.

प्रूफवाला:
पगार?! पानाच्या हिशोबाने पैसे मिळतात मला, तेही वेळेवर नाही. तोंड सांभाळून बोला.

माहीमची मृणाल:
अहो, रद्दीचं भांडण दुसरीकडे न्या. वारसांचा मुद्दा मात्र बरोबर आहे. म्हणूनच मी पुस्तक जाळा म्हणत नाहीये. मन्रोच्या पुढच्या आवृत्तीला प्रस्तावना असेल तर त्यात मुलीने सांगितलेलं स्वच्छ लिहा आणि मग विका. आपल्याकडच्या गौरवग्रंथांनाही हेच लागू करा, सगळ्यांच्या, आडनाव न बघता.

सायन कोळीवाडा:
आडनाव न बघता, हे लिहिलंत म्हणून बरं.

फास्ट लोकल:
प्रस्तावनेत चालेल. पण पाठीमागे टाका, आधी कथा वाचू द्या.

कांदेवाडीची लेक:
पुढेच हवी. पाठीमागचं कोणी वाचत नाही.